सिनोपला कत्तल म्हणू नये

काळ्या समुद्रात २०२२ साली युद्ध पेटले, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘मोस्क्वा’ ही रशियाची तेथील प्रमुख युद्धनौका बुडाली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या चर्चांतही रशियाने १८५३ साली उस्मानी तुर्कांचे आरमार जेथे जाळले त्या सिनोपचे नाव पुन्हा पुन्हा घेतले जाऊ लागले. एक पक्ष म्हणतो, सिनोपची कत्तल आठवा, रशियाचा स्वभाव तेव्हापासून तसूभरही बदललेला नाही. दुसरा पक्ष लगेच उत्तर देतो, की सिनोप ही युद्धातली लढाई होती आणि तिला कत्तल ठरवणाऱ्या इंग्रजांनी आधी स्वतःच्या पायाखाली काय जळते आहे ते पाहावे. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात आणि त्या गदारोळात, सिनोपच्या बंदरात त्या एका दुपारी मेलेल्या सुमारे तीन हजार माणसांविषयी कोणीच बोलत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. सिनोप ही कत्तल नव्हती. जाहीर झालेल्या युद्धात दोन सशस्त्र आरमारांमध्ये झालेली ती लढाई होती. मात्र रशियाची अब्रू राखावी म्हणून मी हे म्हणत नाही. या तीन हजार खलाशांना मरणाच्या दारात कोणी नेऊन उभे केले, हा प्रश्नच त्या एका शब्दाने पुसून टाकला, ही माझी खरी तक्रार आहे.

घडले काय ते आधी नीट पाहू. सिनोप हे अनातोलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे बंदर, क्रिमियातल्या सेवास्तोपोलपासून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर. उस्मानी सुलतानाने ऑक्टोबर १८५३च्या सुरुवातीस रशियाविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि १ नोव्हेंबरला रशियाचा सम्राट त्सार (झार) निकोलस यानेही युद्धाची घोषणा केली होती. उस्मान पाशाच्या हाताखालचा काफिला, म्हणजे सात फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका), काही कॉर्व्हेट (त्याहून लहान) आणि दोन वाफेची जहाजे, खराब हवेमुळे सिनोपच्या आसऱ्याला थांबला होता. रशियन ॲडमिरल पावेल नाखिमोव्ह याने त्याला हेरले, बंदराच्या तोंडाशी पहारा ठेवून कुमक मागवली आणि ३० नोव्हेंबरच्या पावसाळी, धूसर दुपारी सहा मोठ्या युद्धनौका दोन रांगांनी आत घातल्या. त्यांतल्या तीन जहाजांवर प्रत्येकी १२० तोफा होत्या, उरलेल्या तिघांवर प्रत्येकी ८४. समोरच्या सर्वांत मोठ्या फ्रिगेटवर साठ-पासष्टांच्या वर तोफा नव्हत्या. ‘नावेक-इ-बहरी’ ही फ्रिगेट अर्धा तास व्हायच्या आत दारूच्या कोठारासकट उडाली आणि तिचे जळते अवशेष किनाऱ्यावरच्या तोफांच्या मोर्चावर येऊन पडले. उस्मान पाशाच्या ‘अवनी इल्लाह’ने नांगराचे साखळदंड तोडले आणि ती किनाऱ्याला लागली. संध्याकाळपर्यंत सारा काफिला जळून, फुटून किंवा किनाऱ्यावर रुतून संपला होता. ‘ताइफ’ हे एकटे वाफेचे जहाज निसटले आणि २ डिसेंबरला इस्तंबूलला बातमी घेऊन पोहोचले. पायाला जखम झालेला उस्मान पाशा रशियनांच्या हाती लागला. रशियाचे ३७ जण मेले.

तीन हजार आणि सदतीस. कत्तल म्हणणाऱ्यांचे सर्वांत मोठे बळ या दोन आकड्यांत आहे आणि ते मला हलके लेखायचे नाही. त्यांचा दुसरा मुद्दाही भक्कम आहे. आपण बचावाच्या पवित्र्यात राहू, चाल करून जाणार नाही, असा भरवसा ऑक्टोबर संपताना रशियाच्या परराष्ट्रमंत्र्याने, नेसेलरोडने, युरोपातल्या दरबारांना दिला होता. मग महिन्याभरात शत्रूच्या बंदरात घुसून त्याचे आरमार जाळणे हा विश्वासघात नव्हे काय? तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा आहे. उस्मानी जहाजांच्या तोफा थंडावल्यावरही रशियन मारा काही काळ चालूच राहिला, जहाजांच्या डोक्यावरून गेलेले गोळे गावात पडले आणि सिनोपचा तुर्की मोहल्ला जळाला. नांगरलेली जहाजे, दुबळ्या तोफा, जळते गाव: याला लढाई म्हणायला जीभ कशी रेटते, असे कोणी विचारले तर तो प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला ‘तुमचे काय’ एवढे उत्तर पुरणारे नाही.

विषम बळापासून सुरुवात करू. दोन्ही बाजू तोलामोलाच्या नसल्या की लढाईची कत्तल होते, असे मानले तर जगातल्या किती लढाया लढाया म्हणून उरतील? सिनोपच्या सव्वीस वर्षे आधी, २० ऑक्टोबर १८२७ रोजी, ग्रीसच्या नवारिनो उपसागरात काय घडले ते आठवावे. ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या तिघांच्या आरमारांनी नांगर टाकून चंद्रकोरीसारख्या उभ्या असलेल्या उस्मानी-इजिप्ती आरमाराच्या मधोमध आपली जहाजे नेऊन लावली. मित्रपक्षांकडे पहिल्या प्रतीच्या दहा युद्धनौका होत्या, समोर तशा फक्त तीन. एका होडीवर बंदुका झडल्या, तोफा सुरू झाल्या आणि रात्रीपर्यंत उस्मानी-इजिप्ती आरमाराची साठेक जहाजे नष्ट झाली. त्यांचे हजारो लोक मेले; मित्रपक्षांचे दोनशेच्या आत. मुख्य गोष्ट पुढेच आहे. त्या दिवशी या तिघांपैकी एकाचेही उस्मानी साम्राज्याशी युद्ध चालू नव्हते. सिनोपच्या आधी रीतसर युद्ध पुकारलेले होते, तेही आधी उस्मानी बाजूने. नवारिनोच्या आधी काहीच नव्हते. तरी इतिहासाची पुस्तके नवारिनोला लढाई म्हणतात आणि ग्रीक स्वातंत्र्याची पहाट म्हणून तिचा गौरव करतात.

या नवारिनोशी आपला एक धागा आहे आणि तो मला नेहमी अस्वस्थ करतो. ब्रिटिश सेनापती एडवर्ड कॉड्रिंग्टन ज्या ‘एशिया’ या ८४ तोफांच्या जहाजावर होता, ते मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाच्या लाकडात बांधले गेले होते आणि १८२४ साली तेथूनच पाण्यात उतरले होते. ज्या फळ्यांवर मुंबईच्या सुतारांचा रंधा फिरला, त्या फळ्यांवर उभे राहून नवारिनोचे आरमार उद्ध्वस्त केले गेले. त्याच दुपारी, त्याच पाण्यात, रशियाच्या ‘अझोव’ या जहाजावर पंचविशीतला नाखिमोव्ह लढत होता. बंदरात नांगरलेल्या आरमारापर्यंत थेट आत जायचे, जवळून नांगर टाकायचा आणि तोफांनी फडशा पाडायचा, हा धडा त्याने ब्रिटिशांच्या बरोबरीने, त्यांच्या सेनापतीच्या नेतृत्वाखाली गिरवला होता. सव्वीस वर्षांनी तोच धडा त्याने सिनोपला गिरवला, तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याला कत्तल म्हटले. कृती तीच, कर्ता बदलला की नाव बदलते, असे व्हावे काय?

इथे दुसऱ्या पक्षाचे लोक आनंदाने मान डोलावतील, म्हणून त्यांनाही सांगितले पाहिजे, की यातून ‘पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा’ एवढाच निष्कर्ष काढणे ही वाद आटोपण्याची घाई झाली. नवारिनोनंतर लंडनमध्ये सगळे टाळ्या पिटत बसले नव्हते. १८२८च्या जानेवारीत संसदेपुढे झालेल्या राजाच्या भाषणात नवारिनोचा उल्लेख एक अनिष्ट घटना असा करण्यात आला आणि कॉड्रिंग्टनला पुढे माघारी बोलावण्यात आले. १८५३-५४ सालीही कॉब्डेन आणि ब्राइट यांच्यासारखे ब्रिटिश खासदार रशियाविरोधी लाटेपुढे उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या. ज्या देशात असे मतभेद जाहीरपणे मांडले गेले, त्याला एकाच तोंडाने बोलणारा समजणे ही त्या माणसांवर अन्याय करणारी आळशी समजूत आहे. शिवाय नवारिनो अन्याय्य होते असे ठरले, म्हणून सिनोपचे जळालेले मोहल्ले आपोआप न्याय्य ठरत नाहीत.

आता दिलेल्या वचनाचे. नेसेलरोडचा भरवसा ज्या आठवड्यात दिला गेला, त्याच सुमारास उस्मानी सैन्य दोन ठिकाणी चालून गेले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे सेंट निकोलस हे रशियन ठाणे रात्रीच्या हल्ल्यात जिंकले. ४ नोव्हेंबरला डॅन्यूबच्या काठी ओल्तेनित्सा येथे त्यांनी रशियनांना मागे रेटले. शत्रू दोन आघाड्यांवर पुढे सरकत असताना त्याच किनाऱ्याच्या दिशेने निघालेले त्याचे जहाजी दल थांबवणे म्हणजे आक्रमण, असे म्हणता येईल काय? माझ्या मते येत नाही. मात्र रशियाने हा भरवसा द्यायलाच नको होता, हे खरे. बचावाची भाषा बोलून पुढची चाल मोकळी ठेवणे ही मुत्सद्देगिरीतली जुनी सवय आहे आणि सिनोपनंतर रशियाला एकाकी पाडण्यात त्या भाषेने मोठा हातभार लावला. डॅन्यूबकाठची संस्थाने जुलैपासून बळकावून बसलेल्या त्सारने बचावाची गोष्ट करावी, हेच मुळात कोणाला पटणारे नव्हते.

कुलपी गोळ्यांचा मुद्दा मी लवकर आटोपतो, कारण त्याला जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे त्याचे नाही. नाखिमोव्हच्या जहाजांवर भरीव गोळ्यांबरोबर दारू भरलेले, लाकडात घुसून फुटणारे गोळे मारणाऱ्या तोफा होत्या आणि या राक्षसी शस्त्राने सिनोपला लाकडी आरमाराचा अंत केला, अशी कथा सर्रास सांगितली जाते. ही तोफ फ्रेंच अधिकारी पेक्सां याची कल्पना. १८२०च्या दशकातच तिच्या चाचण्या झाल्या होत्या आणि १८५३ साली ती फ्रेंच व ब्रिटिश जहाजांवरही होतीच. १८४९ साली आजच्या जर्मनीतल्या एकेर्नफ्योर्दे येथे किनाऱ्यावरच्या तोफांपुढे डेन्मार्कचे मोठे जहाज जळून फुटले, तेव्हाच लाकडी जहाजांचे दिवस भरत आल्याची चाहूल लागली होती. सिनोपला तर सहा प्रचंड युद्धनौका विरुद्ध फ्रिगेटी असा सामना होता. केवळ भरीव गोळे असते तरी निकाल तोच लागला असता, फक्त आणखी काही तास लागले असते. शस्त्राच्या नवलाईने त्या दिवसाचे नैतिक स्वरूप बदलत नाही.

गावाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी रशियाची बाजू घेणार नाही. लढाईआधीच्या आपल्या हुकूमनाम्यात नाखिमोव्हने ज्या घरांवर वकिलातींची निशाणे दिसतील, त्यांना धक्का लागू देऊ नका, अशी ताकीद दिली होती. लढाईनंतर त्याने पांढरे निशाण देऊन एक अधिकारी किनाऱ्यावर पाठवला आणि गावाचे नुकसान करण्याचा आपला हेतू नव्हता, असे ऑस्ट्रियाच्या वकिलाला पत्राने कळवले. हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण किनाऱ्याला चिकटून उभ्या असलेल्या जहाजांवर शेकडो तोफांनी मारा केला की मागचे गाव जळणार, हे त्याला आधी कळत नव्हते असे कोण म्हणेल? त्यात आणखी एक सल होता. ‘फझलुल्लाह’ ही फ्रिगेट म्हणजे १८२९ साली न लढता तुर्कांच्या हाती पडलेले आपलेच ‘राफाइल’ जहाज, अशी रशियनांची समजूत होती. ते पुन्हा हाती लागले तर जाळून टाका, असा त्सार निकोलसचा हुकूम चोवीस वर्षे जुना होता. सिनोपला ते जळाले. तेव्हा रशियन बाजूनेही त्या दुपारी केवळ थंड डोक्याचा लष्करी हिशेब होता, असे सांगू नये. जुना अपमान धुऊन काढण्याची ऊर्मी त्या तोफांमागे होती आणि मारा वेळेवर न थांबण्याचे एक कारण मला तिच्यात दिसते. रशिया आजही १ डिसेंबर हा दिवस सिनोपच्या विजयाचा म्हणून पाळतो. त्या दिवशी जळालेल्या मोहल्ल्याचीही आठवण ठेवली जावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर नाही.

मग हे सारे मान्य करूनही कत्तल या शब्दाला विरोध का? कारण कत्तल म्हटले की दोनच पात्रे उरतात, मारणारा आणि मरणारा. तिसऱ्या कोणाकडे पाहण्याची गरजच वाटत नाही. सिनोपच्या बाबतीत मात्र तिसरे पात्रच निर्णायक होते. हिवाळा तोंडावर असताना काळ्या समुद्रात आरमार पाठवायचे ठरले, तेव्हा मोठ्या युद्धनौका पाठवाव्यात असे उस्मानी दरबारातल्यांचे म्हणणे होते. इस्तंबूलमधला ब्रिटिश राजदूत स्ट्रॅटफर्ड याने त्याला विरोध केला. मोठ्या नौका मागे राहिल्या, फ्रिगेटी पुढे गेल्या. त्याच वेळी ब्रिटिश-फ्रेंच आरमार इस्तंबूलपाशी, बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत येऊन उभे होते आणि त्याच्या नुसत्या असण्याने, रशिया हल्ल्याचे धाडस करणार नाही असा समज पसरला होता. रशियन जहाजे बाहेर घिरट्या घालताहेत, मदत पाठवा, असे उस्मान पाशाने इस्तंबूलला कळवले होते. मदत आली नाही. नाखिमोव्हने पहिल्यांदा सिनोप हेरले त्यापासून हल्ल्यापर्यंत जवळपास एक आठवडा गेला. या आठवड्यात त्या खलाशांचे काय करायचे, हे ठरवण्याची जबाबदारी कोणाची होती? निघून जायचा हुकूम द्यायचा, मोठी जहाजे पाठवायची, की निदान माणसे किनाऱ्यावर उतरवायची, यातले काहीच झाले नाही. दुबळे दल उघड्या बंदरात ठेवायचे आणि संरक्षणाचा भास निर्माण करून प्रत्यक्षात दूर उभे राहायचे, हा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना कत्तल हा शब्द फार सोयीचा पडला. त्यांच्यावरचा सगळा दोष एका फटक्यात नाखिमोव्हच्या खात्यावर गेला.

आणि तो शब्द तेवढ्यावर थांबला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला व्हिएन्नात ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि प्रशिया या चार सत्तांचे प्रतिनिधी तडजोडीची भाषा ठरवत होते. त्याच महिन्याच्या मध्याला सिनोपची बातमी लंडनला पोहोचली आणि वृत्तपत्रांनी कत्तल, कत्तल असा घोष सुरू केला. लढाई जिंकलेल्या शत्रूशी बोलता येते, वाटाघाटी करता येतात. कत्तल करणाऱ्याशी बोलणे मात्र भ्याडपणाचे ठरते. ब्रिटिश पंतप्रधान अबर्डीनचे मंत्रिमंडळ युद्धाला कचरत होते, ते फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याच्या सूचनेमागे फरफटत गेले. १८५४च्या जानेवारीत दोन्ही देशांची आरमारे काळ्या समुद्रात शिरली, रशियन जहाजांना सेवास्तोपोलमध्ये कोंडण्याचा इशारा दिला गेला आणि मार्चअखेर युद्ध जाहीर झाले. सिनोप झाले नसते तर युद्ध टळले असते असे मी म्हणत नाही. त्सारचा हट्ट, पॅरिसची महत्त्वाकांक्षा आणि लंडनचे भय ही कारणे आधीपासून होतीच. पण विचार करायला जो थोडा वेळ उरला होता, तो या शब्दाने संपवला. त्यापुढच्या दोन वर्षांत क्रिमियात लाखो माणसे मेली, त्यांतली बहुतेक गोळ्यांनी नव्हे तर कॉलऱ्याने, हगवणीने आणि थंडीने. नाखिमोव्ह स्वतः १८५५च्या जुलैत सेवास्तोपोलच्या तटावर डोक्यात गोळी लागून मेला आणि सिनोपला लढलेली जहाजे रशियनांनीच बंदराचे तोंड बुजवण्यासाठी आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बुडवली.

शब्दांच्या या ताकदीविषयी मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली एकमेकांना बांधून उभे असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या कुलपी गोळ्याने पेटले. आग लागली ती ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर, जे आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतले होते. तेथून ती शेजारच्या गुराबा-गलबतांवर पसरली आणि तासाभरात सारे संपले. नांगरलेले आरमार, बाहेरून आलेली बलाढ्य जहाजे, फुटणारे गोळे, शत्रूच्या ताब्यात गेलेले आपले जुने जहाज: चित्र सिनोपशी किती जुळते! त्याला मात्र कोणी कत्तल म्हटले नाही, कारण आंग्र्यांना आधीच चाचे ठरवून झाले होते आणि चाच्याचे आरमार जाळणे हा पुण्याईचा भाग मानला गेला. त्यात पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या जोडीला होते, हे आपल्या इतिहासातले दुखरे सत्य आहे. कोणाला चाचा म्हणायचे आणि कोणत्या लढाईला कत्तल, हे ज्याच्या हाती छापखाना आणि सत्ता असते तो ठरवतो, हा धडा आपण जर विजयदुर्गावर शिकलो असू, तर सिनोपच्या बाबतीत लंडनच्या १८५३ सालच्या मथळ्यांचे भाषांतर करून ते आपले मत म्हणून का मांडावे?

मग सिनोपला म्हणावे काय? रशियन भाषेत त्याला सिनोपची लढाई म्हणतात. ज्यांची माणसे मेली, त्या तुर्कांच्या भाषेत त्याला ‘बास्कन’ म्हणतात, ज्याचा अर्थ आपल्या छाप्याच्या जवळचा आहे. आठवडाभर शत्रू डोळ्यांसमोर असताना त्याला छापा म्हणावे का, यावर मला शंका आहे. तरी या शब्दात बेसावध राहिल्याची कबुली आहे, आणि ती कत्तल या शब्दात नाही. सिनोप गावात त्या दिवशी मेलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ दगडी बांधणीचे एक सार्वजनिक पाणवठ्याचे ठिकाण आहे. मृतांच्या खिशांत सापडलेल्या पैशांतून ते बांधले, असे तिथले लोक सांगतात. महिन्याच्या तुटपुंज्या पगारातली, घरी पाठवायला म्हणून जपलेली ती नाणी असतील. त्या पाणवठ्याला ते ‘शेहितलर चेश्मेसी’ म्हणतात, हुतात्म्यांचा झरा. लढता लढता मेलेल्या सैनिकांना द्यायचे नाव त्या गावाने आपल्या माणसांना दिले आहे.